पदवी आणि पिंपावरचा दाखला

अंबरनाथ एमआयडीसीतील एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. तेथून एकही पिंप दाखल्याविना बाहेर पडत नसे. बॅच क्रमांक, शुद्धता, आर्द्रता आणि खाली तपासणाऱ्याची सही. आकडा चुकला तर जाब सही करणाऱ्याला द्यावा लागे.

एकदा रसायनशास्त्राचा प्रथम श्रेणीतील पदवीधर नोकरीसाठी आला. मी त्याला कॉस्टिक सोड्याचे डेसिनॉर्मल द्रावण करावयास सांगितले. लिटरला चार ग्रॅम, इतकाच तो हिशेब. ब्युरेट हाती धरून तो खाली मान घालून उभा राहिला. "सर, आम्ही जर्नल उतरवून काढायचो, प्रयोग क्वचितच व्हायचे," तो पुटपुटला.

गुणपत्रिकेत हे कोठेच लिहिलेले नव्हते. विद्यापीठांचे मूल्यमापन होत नाही असे नाही. १९९४ साली स्थापन झालेली 'नॅक' ते करते. २०२१ मध्ये मुंबई विद्यापीठास तिने ४ पैकी ३.६५ गुण व 'ए प्लस प्लस' श्रेणी दिली. पण ती श्रेणी संस्थेची. विद्यार्थ्याच्या हाताला काय येते, हे तीवरून कळत नाही. खेड्यातील मुलांना वाचता येते की नाही, हे 'प्रथम'चा 'असर' अहवाल २००५ पासून जाहीरपणे सांगत आला आहे. पदवीधरांविषयी असा हिशेब विद्यापीठांनी पालकांपुढे का मांडू नये?

त्या मुलाला मी परत पाठविले. त्याचे मला आजही वाईट वाटते. नापास तो झाला. त्याच्या दाखल्यावर सही करणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारला नाही.