सरकार बदललं तेव्हा

मेळघाटातल्या धारणीला बदली झाली की सरकारी नोकराचं तोंड पडतं. मेळघाट म्हणजे शिक्षा, हे जणू ठरूनच गेलंय. ऑर्डर रद्द करून घ्यायला वशिले शोधले जातात, काही जण तर नोकरी सोडायची भाषा करतात. असं काही कानावर आलं की मला मुंबईतला एक परदेशी अधिकारी आठवतो. त्यानं गैरसोयीला कंटाळून सरकार सोडलं नाही. समोर आलेलं सरकार जुलमी होतं, म्हणून त्याच्याशी नातं जोडलं नाही.

एउगेनिउश बनासिन्स्की दुसऱ्या महायुद्धात मुंबईत पोलंडचे महावाणिज्यदूत होते. 1939 च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन पोलंडवर तुटून पडले. सोव्हिएत पोलिसांनी घरंच्या घरं मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. 1940 मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि हा गुन्हा 1990 पर्यंत नाकारला. या नरकातून सुटलेल्या बायका आणि पोरकी मुलं इराणमार्गे भारतात पोचली. बनासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी कीरा यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला 1943 मध्ये छावणी वसली. सुमारे 5,000 माणसं, त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना. आपल्या मातीवर एक पोलिश गावच उभं राहिलं.

मग 5 जुलै 1945 ला ब्रिटननं मॉस्कोच्या कलानं चालणाऱ्या वॉर्सातल्या सरकारला मान्यता दिली. बनासिन्स्की ज्या लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे दूत होते, त्याची मान्यता गेली. म्हणजे पद गेलं, मायदेशाची वाटही बंद झाली. ज्यानं सैबेरियातून आलेल्या आयांची हकिगत ऐकली, तो त्याच सत्तेच्या कागदांवर सही कशी करणार? दोघं नवरा-बायको परत गेलेच नाहीत, भारतातच राहिले. युद्ध जिंकलेल्या बाजूचे असून ते बेवतन झाले, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या दोस्तांवर भिस्त ठेवली, त्यांनीच पाठ फिरवली होती.

सरकारी नोकराची निष्ठा कुठवर, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. प्रशासनात शिरणाऱ्या आपल्या पोरांना हे नाव सांगायला हवं.

वळिवड्याची छावणी 1948 मध्ये रिकामी झाली. फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित त्याच जागी राहायला आले. आजचं गांधीनगर ते हेच.