दिवेआगरहून आत्यांना

माणगाव, एसटी स्टँड
शनिवार, ११ मे २०२४, दुपारी

ती. आत्यांस शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून वहीच्या कागदावर लिहून त्याचा फोटो दिगूच्या मोबाइलवर पाठवते. त्याला म्हणावं, मोठ्यानं आणि सावकाश वाच, मधलं गाळू नको.

उदगीरहून निघालो ते पुण्यापर्यंत डोळ्याला डोळा नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटानं इथं आलो. घाटात ओमला दोनदा उलटी झाली. घाटमाथ्यावर बायका करवंदं विकत होत्या, पानाचा द्रोण वीस रुपयाला. दोन घेतले. तुम्ही बांधून दिलेले धपाटे आत्ता इथं बाकावर बसून संपवले. शेंगदाण्याची चटणी अर्धी राखून ठेवली आहे, पुढं चार दिवस तांदळाच्या भाकरीला तीच लागेल. ज्वारी या बाजूला कुणी खात नाही म्हणे.

घामाचं काय सांगू. आपल्याकडं बेचाळीस अंशातही झाडाखाली टेकलं की पदर वाळतो. इथं सावलीत बसून पोलकं भिजतं आणि वाळतच नाही. जीव नकोसा झालाय.

चंद्रीची कास भरली का? दिवस भरत आलेत तिचे. भाऊजींना म्हणावं, रात्री दोनदा उठून गोठ्यात बघत जा. सोयाबीनला कुणी गिऱ्हाईक आलं तरी हे परत येईपर्यंत देऊ नका.

मामांचा रुमाल ओमनं गळ्यातच ठेवलाय, काढू देत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणं उन्हात डोक्याला बांधायला लावते. श्रीवर्धनकडची गाडी लागली. पुढचं तिथून लिहिते.

दिवेआगर
रविवार, १२ मे, संध्याकाळी सहा

आत्या, समुद्र बघितला. केवढा आहे म्हणाल, तर आपल्या मळ्याच्या बांधावर उभं राहिल्यावर आभाळ जिथं टेकतं ना, तिथपर्यंत नुसतं पाणी. ओमनं ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली. मग मला विचारतो, "आई, एवढं पाणी आणि कुणालाच पिता येत नाही?" मला एकदम भरून आलं. त्याच्या वेळी, २०१६ ला, मी लातूरला माहेरी होते. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते साल. पोटुशी असून मी टँकरपुढं घागर घेऊन उभी राहिले होते. त्याच पोराला आज कमरेइतक्या पाण्यात उड्या मारताना बघितलं. खर्चाचं जे काय होईल ते होवो, आलो ते बरं झालं.

सुवर्णगणेशाचं दर्शन सकाळीच घेतलं, तुमच्या नावानं नारळ ठेवला.

उतरलोय ते घर वाडीतलं आहे. मालकीणबाईंना सगळे काकूच म्हणतात. त्यांच्याही बोटावर शाई बघून गौरीनं विचारलं, तर इथलं मतदान आणि आपलं एकाच दिवशी, सात तारखेला झालेलं. तेवढ्यावर दोघींची गट्टी जमली. जेवण शाकाहारी मिळतं. काल रात्री वालाचं बिरडं, फणसाची भाजी, भात आणि सोलकढी. सोलकढी मी तीन वाट्या प्याले. नारळाच्या दुधात कोकमाचा आगळ, वर लसूण-मिरचीचा ठेचा. काकूंनी आगळाची बाटली द्यायचं कबूल केलंय, तुम्हाला करून घालीन. भाकरी पांढरीफेक आणि मऊ. चवीला वाईट नाही, पण खाल्ल्यावर पोटात काही गेल्यासारखं वाटत नाही. शहाळं पन्नास रुपयाला. चार घेतली की दोनशे रुपये गेलेच.

आजचा दिवस सगळा वाळूतच गेला. दहाला गेलो ते अडीचला परतलो. छत्री आणि खुर्च्या भाड्यानं देणारा एक माणूस होता. एका तासाचे तीनशे म्हणाला. ह्यांनी दोनशेला विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणतो, "परवडत नाही तर यायचं कशाला?" ह्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नाही. मीच म्हटलं, चला, आपण उन्हातली माणसं, आपल्याला कशाला हवी छत्री. काकू सांगत होत्या, पूर्वी किनाऱ्याला सुरूचं दाट बन होतं, माणसं दिवसभर त्याच्या सावलीत बसायची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ते आडवं झालं, काकूंच्या वाडीतल्या पोफळीही गेल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. नव्या लावलेल्या आत्ता कुठं डोक्यावर गेल्यात.

एक गंमत गौरीनं दाखवली. साडेबारा वाजून गेल्यावर तिनं सगळ्यांना ताठ उभं केलं आणि म्हणाली, आता सावली शोधा. सावली नाहीच! पायाखाली इवलासा काळा ठिपका. या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावली म्हणतात, आपल्या देवणीतही याच दिवसांत होतं, असं तिच्या सरांनी शिकवलंय. इतकी वर्षं मी उन्हात वावरले, पण कधी खाली बघितलं नव्हतं.

ओमनं किल्ला नाही बांधला. गोठा बांधला. दोन तास पालथा पडून, रांगून, गुडघ्यावर बसून नुसती वाळू थापत होता. एक गाय, एक गोऱ्हा, दावण, गव्हाण. गायीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी ओली काळपट वाळू लावली, कारण आपली चंद्री वानेरा आहे, बाकी अंग पांढरं. गोऱ्हा मात्र शेवरा केला, शिंपल्यांचे ठिपके देऊन. मामांचा रुमाल पोळ्याच्या झुलीसारखा गायीच्या पाठीवर घातला. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, हा पोरगा कुठला? मी अभिमानानं सांगितलं, देवणीचा.

गौरीचे खांदे लालबुंद झालेत, हात लावू देत नाही. काकूंनी कोरफड चिरून दिली, ती लावतेय. ओमचं काही नाही. तो मुळात काळा, त्याला काय ऊन लागतंय, असं हे म्हणाले. तो न जेवता झोपलाय, दमलाय बिचारा.

दिवेआगर
सोमवार, १३ मे, पहाटे चार

आत्या, दिगूला हे पत्र तुम्हाला लगेच वाचून दाखवू नको असं सांगणार होते. पण तुमच्यापासून मी कधी काही लपवलं नाही.

रात्री अकराला ओम कुडकुडायला लागला. एवढ्या उकाड्यात चादर मागतो. कपाळ पोळत होतं. जवळ घ्यायला पाठीवर हात ठेवला, तर असा किंचाळला की वाडीतले सगळे उठले. सदरा काढून बघितलं, दिव्याखाली काहीच दिसेना. पाठ नेहमीसारखीच, थोडी जास्त काळवंडलेली. हात मात्र तव्यावर ठेवल्यासारखा भाजला. काकूंनी बॅटरी आणली आणि बाजूनं आडवा उजेड टाकला, तेव्हा दिसलं. दोन्ही खवाट्यांवर बारीक बारीक फोड, भाजणीच्या थालीपिठावर येतात तसे. मानेपासून कमरेपर्यंत.

संध्याकाळभर मी गौरीच्या खांद्यांना कोरफड लावत बसले होते. तिचं लाल दिसत होतं म्हणून. ह्याचं दिसलं नाही. तो दोनदा म्हणाला होता, "आई, सदरा टोचतोय." मी म्हटलं, वाळू असेल, झटक.

काकू खोबरेल लावू म्हणाल्या, शेजारची एक बाई टूथपेस्ट घेऊन आली. माझं मन होईना. तेवढ्यात हे बोर्लीच्या एका डॉक्टरांना फोन लावून आले. ते म्हणाले, तेल, तूप, पेस्ट, बर्फ काहीही लावू नका, तेलानं उष्णता आतच कोंडते. साध्या गार पाण्यात सुती फडकं भिजवून पाठीवर पसरा, पाणी पाजत राहा, तापाला पॅरासिटामॉल द्या, उजाडलं की घेऊन या. सुती फडकं म्हणताच मला मामांचा रुमाल आठवला. पिशवीत वाळूनं भरलेला तसाच होता. विहिरीच्या गोड्या पाण्यात चार वेळा खळबळला, पिळला आणि त्याच्या पाठीवर पसरला. दहा-पंधरा मिनिटांत कोमट होतो, की परत भिजवायचा. आत्तापर्यंत किती वेळा भिजवला, मोजलं नाही. आत्ता पालथा झोपलाय. हे उंबऱ्यात बसून आहेत, एक शब्द बोलत नाहीत.

दिवेआगर
मंगळवार, १४ मे

ताप उतरला. काळजी करू नका. काल सकाळी डॉक्टरांनी बघितलं. फोड फोडायचे नाहीत, आपोआप बसतील. वरची कातडी म्हणजे जखमेचं झाकण आहे, ती ओढायची नाही, असं त्याला समजावून सांगितलं. चार-आठ दिवसांत पापुद्रे निघतील. सैल सुती सदरा, भरपूर पाणी, आणि पुरतं बरं होईपर्यंत ऊन नाही.

मी त्यांना विचारलं, आम्ही मराठवाड्याची माणसं, आमच्याकडं याहून आठ-नऊ अंश जास्त तापतं, मग इथं असं का? शांतपणे, खुर्ची ओढून त्यांनी मला सांगितलं. भाजतं ते हवेच्या गरमीनं नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी. हवा तेहतीस अंश असो की बेचाळीस, डोक्यावरचा सूर्य तोच. उलट इथं वारा अंग गार ठेवतो, म्हणून उठून सावलीत जावं असं वाटतच नाही. भाजल्याचं कळतं ते काही तासांनी, रात्री वाढतं. गौरीनं मग मोबाइलवर जागतिक आरोग्य संघटनेची माहिती काढली. कोरडी वाळू हे किरण पंधरा टक्क्यांपर्यंत परत फेकते, लाटांचा फेस पंचवीस टक्के. पाण्यात अर्धा मीटर खालीही चाळीस टक्के पोचतात. आणि सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उन्हातून निघावं. आत्या, आम्ही तर सावली नाहीशी झाली म्हणून टाळ्या वाजवत होतो.

रात्रभर मी एकच विचार करतेय. आपल्याकडं अकरा ते चार कुणी उघड्या अंगानं रानात असतं का? मामा मे महिन्यात नांगराच्या मागं जायचे ते लांब बाह्यांचा सदरा, धोतर आणि डोक्याला रुमाल बांधून. तुम्ही खुरपायला बसता तेव्हा ह्यांचा जुना शर्ट लुगड्यावर घालता, पदर कपाळापर्यंत. मला वाटायचं आपली कातडी उन्हाला सरावली आहे. तसं नाही. आपण झाकून राहतो, म्हणून वाचतो. इथं आलो आणि पहिल्यांदा सगळं काढून ठेवलं.

दुसरं. डॉक्टरांनी गौरीचे खांदे बघितले आणि ओमची पाठ बघितली, आणि मला म्हणाले, सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, पण ते पातळ मलमलीच्या सदऱ्याएवढं. काळ्या माणसाचं भाजलेलं लाल दिसत नाही, म्हणून कुणी बघत नाही. तेव्हापासून मला त्याच्याकडं बघवत नाही. आपण सगळे त्याला लाडानं काळ्या म्हणतो. तुम्ही, मी, गल्लीतली पोरं. मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. पण त्या एका शब्दामुळं मी त्याची पाठ बघितली नाही. परवा तो गौरीला सांगत होता, "मला काही होत नाही, मी काळा आहे ना." दुखत असून त्यानं हेच धरून ठेवलं. आत्या, तुम्हाला हात जोडून विनंती आहे, आता त्याला ओम म्हणू या. गल्लीतल्या पोरांना मी सांगेन, पण घरात तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील.

हरिहरेश्वर रद्द केलं. हे म्हणतात, देव पळून जात नाही. दिवसभर खोलीत पंख्याखाली. काकू रोज ताक आणि मऊ भात करून देतात, औषधाच्या दिवसांचं भाडं घ्यायला तयार नाहीत. ज्वारीची भाकरी आणि वरणाची आठवण येते. या ओल्या हवेत धड झोप नाही, कपडे वाळत नाहीत, उशीला वास येतो. घरी यायचंय.

पुणे स्टेशन
गुरुवार, १६ मे, संध्याकाळी

दिगूचा निरोप मिळाला. चंद्री व्याली, कालवड झाली! तुम्ही सगळे रात्रभर जागलात, कळलं. ओम पालथा पडला होता तो उठून बसला. पहिलं काय विचारलं असेल? "तोंड काळं आहे का?" वानेरा आहे म्हटल्यावर दोन्ही हात वर करायला गेला आणि पाठ ताणल्यामुळं कळवळला, पण हसत होता. चिकाचा खरवस दोन वाट्या बाजूला ठेवा. गौरीच्या खांद्यांची साल निघायला लागली आहे. ओमच्या पाठीला खाज सुटलीय, म्हणजे भरून येतंय. रात्री झोपेत खाजवू नये म्हणून मी त्याचे हात धरून बसणार आहे.

आगळाची बाटली पिशवीत जपून आणतेय. रुमालाला डाग पडलेत, औषधाचे. धुऊन निघाले नाहीत, रागावू नका.

उद्या सकाळी उदगीरला उतरू. भाऊजींना म्हणावं, उघडी जीप पाठवू नका, वरून झाकलेली बघा, आणि दहाच्या आत घरी पोचू असं करा. उतरल्यावर ओम तुमच्याकडं पळत येईल. त्याला पोटाशी धरताना पाठीवरून हात फिरवू नका. डोक्यावरून फिरवा.

तुमची सून