वापसा येईपर्यंत

मननासाठी: उपदेशक ३:१-८, १ राजे १९:१-८, मार्क ४:२६-२९



बेज्जूरला मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी धुऱ्याधुऱ्यावर माणसे उभी दिसतात. प्राणहितेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गडचिरोली जिल्हा. २०१६ मध्ये आमचा जिल्हा बदलला, आदिलाबादचे आसिफाबाद झाले, पण काळी माती आणि कापसाचे पीक तेच राहिले. पाऊस झाला म्हणून जाणता शेतकरी लगेच बी टाकत नाही. तो वाकून मूठभर माती उचलतो, दाबतो, बोटांनी फोडून पाहतो. हाताला चिखल चिकटला तर थांबतो. माती मोकळी फुटली तर म्हणतो, वापसा आला. पहिल्याच सरीला भुलून ज्याने बी टाकले आणि नंतर पावसाने दडी मारली, त्याच्या नशिबी दुबार पेरणी येते. बियाणे जाते, मजुरी जाते, वर कर्ज राहते.

शेतात एवढी काळजी घेणारे आम्ही, माणसाच्या मनाची माती मात्र हातात न घेताच बी टाकायला निघतो. ही चूक आमच्याकडून झाली. आज ती कबूल करायची आहे.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. त्यांचा आवाज गोड. नाताळची गाणी घेऊन आम्ही घरोघर निघालो की सर्वांत पुढे त्याच असायच्या. एका वर्षी ऐन वेचणीच्या दिवसांत त्यांचे यजमान गेले. पाच आठवड्यांनी आगमनकाळ सुरू झाला. आम्ही स्वयंसेवक गाण्यांची वही घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुम्ही आल्याशिवाय गाण्याला रंग नाही. घरात बसून दुःख वाढतं. चला." त्या म्हणाल्या, "प्रार्थनेला बसते मी. पण शब्दच येत नाहीत. मग नुसती बसते."

त्यावर आम्ही गप्प राहायला हवे होते. आमच्यातून उत्तर गेले, "विश्वास ठेवा मावशी. शब्द येत नाहीत म्हणजे विश्वास कुठेतरी कमी पडतोय."

त्या काही बोलल्या नाहीत. आम्हाला चहा दिला. त्या नाताळात त्या आल्या नाहीत, नव्या वर्षाच्या उपासनेलाही आल्या नाहीत. त्यांची जागा रिकामी राहिली आणि ती रिकामी करण्यात आमचा हात होता.

आम्ही काय चुकलो हे कळायला आम्हाला एलीयापाशी जावे लागले. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला त्याने पाहिला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत होता. तोच मनुष्य, तोच देव, पण ऋतू पालटलेला. आता देवाने काय केले ते पाहा. विश्वास कुठे गेला असे विचारले नाही. त्याला झोपू दिले. देवदूत भाकर आणि पाणी घेऊन आला. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा जेवू घातले, आणि पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे हे ओळखले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर झाले. आम्ही मावशींकडे भाकर नेली नव्हती. थेट होरेबावरचे बोलणे घेऊन गेलो होतो.

मंडळीच्या वर्षाला ऋतू असतात हे आपण सगळे जाणतो. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, पन्नासावा दिवस. आमच्या भागात हे ऋतू रानातल्या ऋतूंच्या हातात हात घालून येतात. उपवासकाळ येतो तेव्हा आमच्याकडची सागाची जंगले ओकीबोकी होत असतात. परक्या माणसाला वाटते, झाडे मेली. पण उन्हाळ्यात जमिनीतले पाणी कमी होते आणि पानांतून ते उडून जाते, म्हणून साग पाने टाकून आतला ओलावा राखतो. त्याच दिवसांत पळस एकही पान अंगावर नसताना लालभडक फुलतो. पन्नासावा दिवस कधी कधी थेट मृगाच्या तोंडावर येतो. त्यानंतर आगमनकाळापर्यंतचे पाच-सहा महिने मंडळीच्या पंचांगात मोठे सण फारसे नसतात. आणि शेतात नेमके तेच महिने पीक वाढण्याचे असतात.

वैयक्तिक जीवनाचे ऋतू मात्र पंचांग पाहून येत नाहीत. एकाच बाकावर एकाची पेरणी चालू असते, दुसऱ्याची वेचणी आणि तिसऱ्याची उलंगवाडी. म्हणून ते ओळखायला शिकावे लागते. आम्हाला जेवढे उमजले तेवढे सांगतो.

पहिला, पेरणीचा ऋतू. नवा विश्वास, नवा बाप्तिस्मा किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा उघडलेले शास्त्र. सगळे ओले आणि हवेहवेसे वाटते. या दिवसांत मन भरून वचन घ्यावे. धोका घाईचा असतो. कालच उगवलेल्या रोपाला मंडळी लगेच व्यासपीठावर उभे करते, आणि मुळे खोल गेलेली नसल्याने पहिल्या उन्हातच ते मान टाकते.

दुसरा, निंदण-डवरणीचा ऋतू. हा सर्वांत लांब. पीक उभे असते, फुले नसतात. रोज तीच प्रार्थना, तेच घर, तेच आजारी माणसाला भेटायला जाणे. आमच्यातले बरेच जण याच ऋतूत कंटाळतात आणि म्हणतात, पूर्वीसारखा आनंद राहिला नाही. मार्काच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सांगितलेला शेतकरी रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. त्याला कळत नसतानाही ते वाढत असते. या ऋतूचे काम एवढेच की तण वेळेवर काढावे. जुना राग, उधारीतला खोटेपणा, भावाभावांतला अबोला. हे तण लहान असताना हाताने निघते, मोठे झाले की पऱ्हाटीलाही उपटून घेऊन येते.

तिसरा, वेचणीचा. प्रार्थनेची उत्तरे दिसतात, सेवेला फळ येते. आपण उपकारस्तुतीच्या उपासनेत धान्य, भाजी, कापूस वेदीपुढे ठेवतो. त्या दिवशी एक लक्षात ठेवावे. वेचणाऱ्याचे हात भरलेले असतात, म्हणून त्याला शेजाऱ्याचे रिकामे हात दिसत नाहीत. मावशींच्या दारात आम्ही उभे होतो ते भरल्या हातांनी.

चौथा, उलंगवाडीचा आणि उन्हाळ्याचा. बोंडे संपली, पऱ्हाट्या उपटल्या, शेत रिकामे. प्रार्थनेत शब्द येत नाहीत. वचन वाचले तरी ते कागदावरच राहते. या ऋतूची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते. पण आमच्या काळ्या मातीकडे पाहा. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. वरची सैल माती त्या भेगांत उतरते, आणि जिथे कोणतेही नांगर पोहोचत नाही तिथे माती आपोआप वरखाली होते. मृगाचे पहिले पाणी त्याच भेगांतून खोल जाते. शेतकरी या भेगा बुजवायला जात नाही.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक कोरडेपणाला ऋतू म्हणून चालणार नाही. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीदही सुकला होता आणि त्यानेही उन्हाळ्याचीच उपमा दिली आहे. पण त्याचे कारण त्याला ठाऊक होते. त्याने पाप झाकून ठेवले होते. कबुली दिली तेव्हा ओलावा परतला. म्हणून आधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, मी काही झाकून ठेवले आहे का? उत्तर हो असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, आजच कबुली द्यावी. दुसरा प्रश्न शरीराचा. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, जगणे नकोसे वाटते असे असेल तर प्रार्थना करावीच आणि डॉक्टरांकडेही जावे, घरच्यांनी सोबत जावे. एलीयालाही देवाने आधी झोप आणि भाकरच दिली. या दोन्ही प्रश्नांनंतरही उत्तर मिळाले नाही, तर समजावे की जमीन तापते आहे, आणि देवाजवळ नुसते बसावे. मावशी बसत होत्या तसे.

त्या उपवासकाळात आमच्या भगिनींच्या सभेत आम्ही पंडिता रमाबाईंची साक्ष वाचली. त्यांच्या जीवनाकडे ऋतूंच्या नजरेने पाहिले आणि थक्क झालो. तरुणपणीच दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. जगाला वाटले, पीक तरारले. पण त्या स्वतः लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळायचा आहे. म्हणजे बाहेर एवढे काम चालू असताना आत अजून बी रुजायचे होते. हे त्यांनी लपवले नाही. आपल्यापैकी किती जण असे कबूल करतील?

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतात मुली अन्नावाचून मरू लागल्या. रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागले नाही. ज्या उन्हाळ्याने त्यांचे घर उद्ध्वस्त केले होते, त्याच भेगांतून वीस वर्षांनी इतरांसाठी पाणी खोल गेले. दुष्काळ चांगला होता असे आम्ही म्हणणार नाही. देवाने तो वाया जाऊ दिला नाही, एवढे म्हणू. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे संजीवन झाले. तोही ऋतू टिकून राहिला नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. रमाबाई तेव्हा म्हातारपणी मराठी बायबलचे भाषांतर करत होत्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. शेवटचा ऋतू पुन्हा पानगळीचाच होता, आणि त्या पानगळीत त्यांनी आपल्या हाती वचन ठेवले.

ही साक्ष वाचून झाल्यावर आमच्यातले चौघे-पाच जण एका शनिवारी मावशींच्या शेतावर गेलो. यजमान नसल्याने पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. आम्ही दोन दिवस त्या उपटल्या, पेंढ्या बांधल्या, बांधावर रचल्या. दुपारी मावशींनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला. आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही जेवा." वचन सांगायचा मोह झाला होता, पण या वेळी आवरला.

जुलैत एका रविवारी त्या आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. एक गीत मराठीत झाले, एक तेलुगूत. त्या दोन्ही वेळा उभ्या राहिल्या, ओठ मिटलेले. अजूनही त्या गात नाहीत. आम्ही विचारत नाही. त्यांच्या शेजारची जागा मात्र रिकामी राहू नये, याची काळजी आम्ही आळीपाळीने घेतो.

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात आपला ऋतू ओळखा. मग आपल्या बाकावरच्या शेजाऱ्याचा ओळखा, कारण तो बहुधा आपल्यापेक्षा वेगळा असेल. बोलण्याआधी मूठभर माती हातात घ्या. वापसा नसेल तर थांबा, आणि थांबलेल्या वेळात त्याच्या पऱ्हाट्या उपटायला मदत करा.

प्रार्थना: हे प्रभू, पाऊस आणि ऊन दोन्ही तुझ्या हातचे आहेत. ज्यांची वेचणी चालू आहे त्यांना नम्र ठेव. जे निंदणाला कंटाळले आहेत त्यांना रोजचे बळ दे. ज्यांची जमीन तापली आहे त्यांच्याजवळ तू बस, आणि आम्हालाही बसायला शिकव. आमच्या घाईच्या शब्दांची क्षमा कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.