नवी मोटारसायकल का खपत नाही? एका सॅलरी स्लिपची गोष्ट

२०२५ चा दसरा, म्हणजे आपली अशोक विजयादशमी. आदल्या संध्याकाळी माझा भाचा कल्याणच्या एका शोरूममध्ये तीन तास बसला आणि रिकाम्या हाताने परत आला. गाडी ठरली होती, शंभर सीसीची, काळ्यावर निळा पट्टा. डाऊन पेमेंटचे पंधरा हजार त्याच्या आईने भिशीतून उचलले होते. जीएसटी नुकताच कमी झाला होता, त्यामुळे शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोनचे कागद बघणाऱ्या मुलाने सगळं तपासून शेवटी तीन महिन्यांची सॅलरी स्लिप मागितली. तिथे गाडं अडलं.

भाचा चार वर्षं भिवंडीच्या एका गोदामात कामाला आहे. या चार वर्षांत ठेकेदार तीन वेळा बदलला. गोदाम तेच, रॅक तेच, सुपरवायझरसुद्धा तोच. पगारातला थोडा भाग खात्यावर येतो, उरलेला हातात. स्लिप कुणालाच मिळत नाही. जामीन राहायला मी तयार होतो, पण स्लिपशिवाय लागणारं व्याज ऐकून तोच उठला. घरी आल्यावर म्हणाला, "मामा, काम तर मी रोज करतो. मग ते कागदावर का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आधी माझे वडील आठवले.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, कायम कामगार. १९९८ च्या १४ एप्रिलला त्यांनी मोटारसायकल आणली. पैसे कामगारांच्या पतपेढीने दिले आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. शोरूमच्या माणसाने नारळ आणि लिंबू-मिरची पुढे केली तेव्हा दादा हसून नको म्हणाले. घरी आणून हेडलाइटवर बाबासाहेबांचा स्टिकर लावला, हँडलला निळा झेंडा बांधला आणि चाळीतल्या पोरांना एकेक चक्कर मारून आणली.

त्याच आठवड्यात मला मागे बसवून ते मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. गावात शिरल्यावर वस्तीकडे जायला बाहेरून रस्ता होता. दादांनी तो घेतला नाही. ज्या आळीतून आजोबांना चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्या आळीतून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत नेली. हॉर्न वाजवला नाही, कुणाकडे बघितलं नाही, पुढे त्याबद्दल कधी बोललेही नाहीत.

म्हणून गाडी म्हणजे चैन, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आपल्या लोकांसाठी वाहन कधीच नुसतं वाहन नव्हतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी दोन प्रवास लिहून ठेवलेत. १९०१ साली ते लहानपणी भावंडांसोबत मसूर स्टेशनवरून वडिलांकडे गोरेगावला निघाले. जात कळल्यावर कुणी गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं दिलं आणि गाडी स्वतः हाकली, तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली. पुढे १९२९ साली, परदेशातून पदव्या घेऊन आल्यावर, चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकणारा आपलाच आणि सवय नसलेला. टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगा होता, पैसे होते, पदव्याही होत्या. आपल्या हातातलं वाहन नव्हतं. दादांच्या मोटारसायकलची किंमत मी या दोन प्रवासांवरून मोजतो.

आता आकडे बघू. वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे सियामच्या आकडेवारीनुसार २०१८-१९ मध्ये देशात सुमारे १ कोटी ३६ लाख मोटारसायकली विकल्या गेल्या. तो कळस होता. तिथून घसरण सुरू झाली आणि २०२१-२२ मध्ये आकडा ९० लाखांवर आला. नंतर तो सावरला, पण २०२४-२५ मध्येही १ कोटी २२ लाखांच्या आसपासच होता. सहा वर्षांत लोकसंख्या वाढली, मोटारसायकल मात्र जुन्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही.

याच सहा वर्षांत स्कूटर ६७ लाखांवरून ६८ लाखांवर गेली, म्हणजे तिने जुनी पातळी गाठली. आणि मोटारी? कार, जीप, एसयूव्ही मिळून ३४ लाखांवरून ४३ लाखांवर. देश तोच, सरकार तेच, महामारीही तीच. चार चाकांवाला सावरून पुढे गेला, मोटारसायकलवाला अजून मागेच आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला संध्याकाळी उभं राहा. टॉवरच्या गेटमधून आत वळणाऱ्या नव्या पांढऱ्या एसयूव्ही मोजा आणि त्याच गेटवर पार्सल घेऊन उभ्या असलेल्या मोटारसायकलींचे नंबर वाचा. एमएच ०४, एमएच ०५, बऱ्याच आठ-दहा वर्षांच्या जुन्या.

ही घसरण सुरू झाली तेव्हा कारणं काय सांगितली गेली? सप्टेंबर २०१९ मध्ये देशाच्या अर्थमंत्र्यांनी वाहन उद्योगाच्या मंदीचं एक कारण सांगितलं, की नव्या पिढीला हप्त्यांत अडकायचं नाही, ती ओला-उबरने फिरते. रोज ओला-उबरने फिरणारी ती पिढी कोळसेवाडीत, वालधुनीत, कळव्याच्या चाळींत मला तरी भेटलेली नाही. इथली पोरं शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर बसतात.

खरी कारणं सरळ आहेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि गरिबाच्या शंभर सीसीवर २८ टक्के कर बसला. नोटबंदीने रोखीचा धंदा आधीच मोडलेला होता. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस कोसळली आणि कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडले. एप्रिल २०१९ पासून नवे ब्रेक आले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिन. जी गाडी २०१८ मध्ये पन्नास-पंचावन्न हजारांत मिळायची, ती २०२४ मध्ये पंचाहत्तर हजारांच्या घरात गेली. रोड टॅक्स आणि विमा त्यावर वेगळा.

इथे गैरसमज नको. चांगले ब्रेक हवेत, कारण ब्रेक न लागून मरणारा बहुतेक वेळा आपलाच पोरगा असतो. धूर कमी हवा, कारण रस्त्याच्या कडेला राहणारे आपणच आहोत. या सुधारणांना माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की सुधारणेचं बिल त्याच्या हातात दिलं गेलं, ज्याचा पगार वाढलाच नव्हता. आणि वर २८ टक्के कर आठ वर्षं चालू ठेवला. २२ सप्टेंबर २०२५ ला तो १८ टक्क्यांवर आला आणि लगेच शोरूम भरले. म्हणजे पोरांना गाडी नको होती हे साफ खोटं निघालं. गाडी हवीच होती, परवडत नव्हती.

पण कर कमी झाल्यावरही माझा भाचा हात हलवत परत का आला? कारण आजारीपण नुसतं किमतीत नाही, रोजगारात आहे.

दादांच्या वेळी क्रम असा होता: आधी नोकरी, मग स्लिप, मग पतपेढी, मग गाडी. गाडी ही नोकरीची कमाई होती. आज क्रम उलटा झालाय. डिलिव्हरीच्या कामाला जा, पहिला प्रश्न विचारतात, "स्वतःची गाडी आहे का?" गोदामात पाळी रात्री अकराला सुटते आणि कल्याणला परतायला ना लोकल, ना धड बस. गाडी असेल तर काम टिकतं. म्हणजे हत्यार कामगाराने आणायचं, पेट्रोल त्याचं, हप्ता त्याचा, खड्ड्यात पडला तर हाडही त्याचंच. कारखानदाराने फिटरला सांगितलं असतं का, की लेथ मशीन घरून घेऊन ये? आज नेमकं तेच सांगितलं जातंय आणि त्याला 'पार्टनर' असं गोड नाव दिलंय.

कुणी म्हणेल, गाड्या कमी झाल्या तर बरंच आहे, रस्ते मोकळे होतील. पत्री पुलावर तासन् तास अडकलेल्या माणसाला हे पटेलही. मलाही पटलं असतं, जर गाडीऐवजी दुसरं काही मिळालं असतं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये कल्याणात झालं. कल्याणला मेट्रो अजून आलेली नाही. लोकलचं म्हणाल तर ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. इलेक्ट्रिक घ्या असा सल्लाही मिळतो. चाळीत गाडी लावायलाच जागा नाही, तिथे ती चार्ज कुठे करायची? गाडी नको म्हणणं हा पर्याय असलेल्या माणसाचा विचार आहे. आपल्याकडे पर्यायच काढून घेतलेत.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण दरवेळी व्यवस्थेकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. १४ एप्रिलच्या बाईक रॅलीत आपल्याकडे शेकडो गाड्या असतात. मीही त्यात असतो. किती गाड्या आहेत हे आपण अभिमानाने मोजतो. त्यातल्या किती हप्त्यावर आहेत, किती पोरांनी ऐपत नसताना दोनशे सीसी उचलली आणि सहा महिन्यांत वसुलीवाला घेऊन गेला, हे कधी मोजलं का? रॅलीत गाडी चालवणाऱ्या किती जणांचा पीएफ कापला जातो, हे विचारलं का? बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. कामाचे तास, कामगारांचा विमा, त्यांच्या संघटना या प्रश्नांवर ते खपले. आपण त्यांचा स्टिकर हेडलाइटवर लावतो आणि त्यांचा मजूर मंत्री घरी ठेवून रॅलीला जातो.

तेव्हा माझं कार्यकर्त्यांना सांगणं साधं आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोण कुठे कामाला, ठेकेदार कोण, स्लिप मिळते का, पीएफ जातो का, एवढंच लिहा. वेतन संहितेनुसार पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. मागणी एकट्याने केली तर दुसऱ्या दिवशी गेट बंद होतं, वीस जणांनी केली तर ठेकेदाराला ऐकून घ्यावं लागतं. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जातं त्यातलं थोडं बाजूला काढून पतसंस्था उभी करा, जी आपल्या पोराला त्याच्या कामावरून ओळखेल. महापालिकेकडे रात्रीच्या पाळीच्या वेळेला बस मागा. डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये वेगळा कायदा केला, मग फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने का करू नये, हे आपल्या आमदाराला विचारा.

भाच्याने शेवटी सेकंडहँड गाडी घेतली. २०१४ ची, एमएच ०५, भिशीच्या पंधरा हजारांत आणखी सात घालून. नंबरप्लेट नवी करावी लागली, क्लच प्लेट बदलावी लागली. या व्यवहाराची नोंद नव्या गाड्यांच्या विक्रीत कुठेच नाही. कमी खपलेल्या गाड्यांत ती एक त्याची आहे. दादांच्या जुन्या गाडीचा स्टिकर उखडून लावता येईना, म्हणून नवा आणला.

रात्री साडेअकराला तो कोनगावहून दुर्गाडीच्या पुलावर येतो तेव्हा त्याची आई जागी असते. महिन्यापूर्वी त्याने आणि गोदामातल्या अकरा जणांनी ठेकेदाराकडे लेखी अर्ज दिला: पगाराची स्लिप द्या. अर्जावर पोचपावती घेतली आहे. स्लिप अजून मिळालेली नाही. दुसऱ्या अर्जावर सतरा सह्या आहेत.

जय भीम!