भाजणारा शेवटी खातो

बालमित्रांनो, हुरडा कुणाकुणाला आवडतो? सगळ्यांचे हात वर गेले असणार! पण मला सांगा, हुरडा भाजणारा माणूस स्वतः कधी खातो, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातलं आमचं पिशोर. पौषातली थंडी पडली की ज्वारीचं कणीस दुधातून चिकात येतं. दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो. गोड का? कारण त्यातल्या साखरेचं पुरतं पिठात रूपांतर झालेलं नसतं. हे दिवस मोजकेच. दाणा एकदा टणक झाला की हुरडा संपला, मग भाकरीचीच वाट बघायची. गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही खास हुरड्याची वाणं. परभणीच्या कृषी विद्यापीठानंही 'परभणी वसंत' नावाचं वाण हुरड्यासाठी काढलं आहे.

शेतात खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही झाली आगटी. जाळ दिसला की पोरं लगेच कणसं घेऊन धावतात. पण थांबा! जाळावर धरलं तर वरचं फोलपट करपतं आणि दाणा कच्चाच राहतो. जाळ बसू द्यायचा. लाल आर झाला की कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायचं. निखाऱ्याची धग सगळीकडून सारखी लागते. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती फोलपटाच्या आत कोंडते आणि दाणा शिजतो. मग गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं, की हुरडा तयार! सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही.

अमेरिकेत लोक अंगणात लोखंडी जाळी मांडून मांसाचे जाड तुकडे भाजतात, त्याला स्टेक म्हणतात. अर्जेंटिनात लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजण्याला असादो म्हणतात. तिथेही जाळ बसायची वाट बघावीच लागते. भाजलेल्या पदार्थाला तो खमंग वास कशामुळे येतो? लुई कमिल मयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली दाखवलं, की साखर आणि अमायनो आम्लं एकत्र तापली की तपकिरी रंग येतो. वासही त्याच क्रियेतून येतो. मग तो स्टेक असो की आपलं कणीस!

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आगटीपाशी बसलेले एक आबा सगळ्यांना कणसं देत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही कवा खाणार?" ते हसून म्हणाले, "आर इझत आला की, गुरुजी. सावकाश भाजलेलं लई गोड लागतं!"

म्हणजे भाजणारा शेवटी खातो. पण शेवटी म्हणजे किती शेवटी?

आमच्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. हुरड्याच्या दिवसांत ती कुठल्याशा कारखान्याच्या फडात, पालावर असतात. एका वर्षी चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "गुरुजी, आमची सोनी तिकडंच हाय. तिचा वाटा कुठंय?" आम्ही सगळे गप्प झालो. उत्तर तिच्या आईनं दिलं. तिनं भाजलेला हुरडा उन्हात खडखडीत वाळवला आणि डब्यात भरून ठेवला. सोनी परत आली तेव्हा चैत्राचं ऊन तापलं होतं. वाळला हुरडा रात्रभर भिजवला, सकाळी शिजवला आणि कांदालसणाची फोडणी दिली. दोघी मैत्रिणी एका ताटलीत ती उसळ खात बसल्या. ताज्या हुरड्याची चव तिला नव्हती, हे खरं. पण वाटा होता!

पालकहो, आगटीला मुलांना जरूर न्या. लहानांना निखाऱ्यापासून हातभर लांब बसवा आणि उठताना आगटीवर पाणी ओतून ती पुरती विझवा. आणि मुलांनो, तुम्ही एक करा. पहिलं कणीस हातात आलं की आजूबाजूला बघा, कोण नाही आलं? त्याच्या नावाची मूठभर कणसं बाजूला काढा, अन् मग खुशाल चोळायला घ्या!