मास्तरणीचा पगार

आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, म्हणून असेल, हा विषय मनातून जात नाही. २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून जीव घेऊन बांगलादेशात कॉक्स बाझारला आले. २०२१ च्या अखेरीस तिथल्या छावण्यांत मुलांसाठी म्यानमारचाच अभ्यासक्रम सुरू झाला, तोही बर्मी भाषेत! ज्या देशाने नागरिकत्व नाकारलं, त्याचीच भाषा? हो, कधीतरी परत जायचंय ना! बायका शिवणकाम शिकतात, पण निर्वासितांना रीतसर नोकरीची परवानगी नाही. जून २०२५ मध्ये पैसे संपले आणि युनिसेफची बरीच शिक्षणकेंद्रं बंद पडली. मंडळी, शाळा सुटली की मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे मी आपल्याकडेही पाहिलंय. देणगीदारांना शिलाई मशीनचा फोटो आवडतो. मास्तरणीचा पगार फोटोत दिसत नाही. मला विचाराल तर आधी तोच द्यावा.