मिशी माझी, भुवया त्याच्या

हाँगकाँगला ऑनसाइट आलो तेव्हा वाटलं होतं, इंग्रजीवर भागेल. ऑफिसात भागलंही. पण महिन्याभरात केस वाढले आणि न्हाव्याकडे जायची वेळ आली. शेजारच्या डेस्कवरचा टेस्टर, पन्नाशीचा अस्सल कँटोनीज माणूस, म्हणाला, 'फेय फात' म्हण. शब्दशः, केस उडवणे! आंघोळीला 'छुंग लेंग', म्हणजे पाणी घेऊन गार होणे. मग पाणी गिझरचं कढत का असेना. इथल्या दमट उन्हाळ्यात ते पटतंच म्हणा.

मग रोज जेवणानंतर एक शब्द, असा रतीबच सुरू झाला. त्यातला 'लट सोऊ' मला जाम आवडला. शब्दशः दाढीमिशी गळून पडणे. अर्थ, चारचौघांत फजिती होणे. मी त्याला आपली 'बिनपाण्याची हजामत' समजावून सांगितली. लेकाचा पोट धरून हसला.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात क्लायंटसमोर डेमो होता. ऐन वेळी स्क्रीनवर हा भलामोठा एरर. लट सोऊ! चूक माझीच. आदल्या रात्री केलेला बदल मी टेस्टिंगला दिलाच नव्हता. पण मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "टेस्टिंगमध्ये सुटलं असेल."

तो काही बोलला नाही. वहीत बघत राहिला.

दुपारी मी निर्लज्जपणे विचारलं, आजचा शब्द?

"तय ङान मेय." (शाळेत हा 'ङ' कशाला शिकवतात ते तेव्हा कळलं!) भुवया भादरणे.

"म्हणजे लट सोऊच ना?"

"नाही. मिशी आपली आपण गळते. भुवया दुसरा भादरतो. सगळ्यांदेखत."

एवढं बोलून त्याने हेडफोन लावले.

संध्याकाळी मॅनेजरला मेल टाकला, अख्ख्या टीमला सीसीत ठेवून. चूक माझी, बदल टेस्टिंगला दिलाच नव्हता. चार ओळी लिहायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझी यथासांग बिनपाण्याने केली, ते असो.

रतीब मात्र बंदच होता. काल दुपारी तो डेस्कपाशी येऊन उभा राहिला. "सिक चो फान मेय?" जेवलास का? इथे हे नुसतं 'काय, कसं काय' म्हणूनही विचारतात.

मी नुकताच डबा उघडला होता. तसाच झाकला आणि त्याच्याबरोबर निघालो.